नदीपर्यंत जाणारा बोळ

नदीकाठी मोठमोठ्या इमारती झाल्या आणि काठाची वाट गेली, असं आपण सरसकट बोलतो. नगररचनेच्या कामात आरेखक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या मला हे अर्धंच खरं वाटतं. पुण्यात मुळा नदीच्या काठाला आजही बऱ्याच ठिकाणी वाट शिल्लक आहे. करंज, उंबर, वाळुंज यांच्या सावलीतून माणूस चालू शकतो. बंद झालाय तो रस्त्यावरून त्या वाटेवर उतरवणारा बोळ. दोन सोसायट्यांच्या भिंती एकमेकींना भिडल्या की तो संपतो. मग काठ सगळ्यांचा असला तरी तिथं पोचता येतं ते फक्त काठावर फ्लॅट असणाऱ्यांना.

माझाही फ्लॅट अशाच काठावर आहे, औंध-बाणेरच्या बाजूला. इथं मुळा दोन शहरांच्या मधून वाहते. अलीकडचा काठ पुणे महापालिकेचा, पलीकडचा पिंपरी-चिंचवडचा. सकाळी खिडकीतून धोबी पक्षी दिसतो, वंचक दिसतो, आणि पावसाळा सरला की पाण्यावर पसरलेली जलपर्णीही दिसते. या खिडकीसाठी आम्ही पैसे मोजलेत आणि आमच्या घराचा खासगीपणा जपला जावा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण त्या पैशांत नदी विकत घेतलेली नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्हींची सोय एकाच नकाशावर होऊ शकते. मात्र नकाशा मंजूर होण्याआधी ती करावी लागते.

काठ कुणाचा?

नदीचं पात्र कुणाचं, याबद्दल कायद्यात संदिग्धता नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले यांचं पात्र शासनाच्या मालकीचं आहे. गोंधळ होतो तो पात्राच्या बाहेरच्या जमिनीबद्दल. ती बहुतेक वेळा खासगी असते. तिचा सातबारा असतो, मालक असतो, ती विकता येते. मात्र तिच्यावर काय बांधता येईल, हे पूररेषा ठरवतात.

पाटबंधारे खातं नदीच्या दोन्ही बाजूंना दोन रेषा आखतं. सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. शासनाचं याबद्दलचं परिपत्रक १९८९ चं आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी पाळून, जोतं उंच ठेवून बांधता येतं. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही हाच आधार आहे. नदीकाठच्या हरित पट्ट्यात बागा, झाडं, पायवाटा, सायकलमार्ग यांना ही नियमावली परवानगी देते. म्हणजे काठाने वाट असावी, हे नियमाला मान्य आहे. ती वाट पाडून देण्याची सक्ती मात्र आपोआप कुणावर येत नाही. ती कुणीतरी मागावी लागते.

वाट आत कशी घेतली जाते

आता जे सांगते ते नोकरीत टेबलावर रोज दिसायचं. नदीकाठी एक मोठा भूखंड आहे, असं समजा. त्याचा नदीकडचा भाग हरित पट्ट्यात येतो. तिथं इमारत बांधता येत नाही, पण ठरलेल्या अटींवर त्या भागाचा एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात मिळणारी बांधकामाची परवानगी, त्याच मालकाच्या लगतच्या, बांधकामयोग्य जागेवर वापरता येतो. म्हणजे काठाची जमीन मोकळी राहिली तरी तिच्या बदल्यात वरचे मजले मिळतात. हे योग्यच आहे. मालकाची जमीन बांधकामाला बंद केली तर त्याला काहीतरी मोबदला मिळालाच पाहिजे.

शिवाय ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडात १० टक्के जागा रहिवाशांसाठी मोकळी सोडावी लागते. ती नदीच्या बाजूला दाखवली की तिथं लॉन होतं, बाकं येतात, मुलांची घसरगुंडी येते. ही मोकळी जागा कायद्यानं रहिवाशांचीच असते. मग तिच्या कडेनं भिंत येते आणि ती भिंत जिथवर सरकवता येईल तिथवर सरकते. बाहेर उरतो तो उतार, काटेरी झुडपं आणि ट्रकमधून रात्री ओतलेला राडारोडा. शेजारच्या भूखंडावर पुन्हा हेच घडतं. प्रत्येक नकाशा स्वतंत्रपणे नियमात बसतो. ते सगळे शेजारी शेजारी ठेवले की किलोमीटरभर काठाला उतरायला एकही जागा नसते.

म्हणून माझं म्हणणं असं: हरित पट्ट्याचा एफएसआय वापरायला दिला जातो, त्याच घटकेला काठालगतची एक अरुंद पट्टी पायवाटेसाठी आणि रस्त्यापासून तिथवर एक बोळ सार्वजनिक म्हणून लिहून घ्यावा. मालकाला मोबदला मिळालेला असतो, फ्लॅट अजून विकलेले नसतात, आणि घेणाऱ्याला आधीच ठाऊक असतं की आपल्या कुंपणाबाहेरून लोक चालणार आहेत. हीच मागणी सोसायटी झाल्यानंतर केली तर शंभर-दोनशे कुटुंबांना वाटतं की आपलं काहीतरी हिरावून घेतलं जातंय. त्या वेळी त्यांचं तसं वाटणं चूक म्हणता येत नाही.

गावनकाशातली तुटक रेघ

बाणेर, बालेवाडी ही १९९७ मध्ये पुणे महापालिकेत येईपर्यंत गावं होती. गावाला नदीवर जायच्या वाटा असतातच. गुरं पाण्यावर न्यायची, पोळ्याला बैल धुवायचे, गौरी-गणपती विसर्जन करायचे, दहाव्याला जायचं. या वाटा जुन्या गावनकाशात काढलेल्या असतात. एका तुटक रेघेनं दाखवतात तो पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दोन तुटक रेघांनी दाखवतात तो गाडीमार्ग, तो त्याहून रुंद. भूमी अभिलेख कार्यालयात हे नकाशे मिळतात. कोणत्याही काठच्या गावाचा नकाशा उलगडून पाहिला तर पाण्याकडे जाणारी अशी एखादी तुटक रेघ दिसतेच.

शेतजमीन बिगरशेती होऊन तिचा ले-आउट पडतो तेव्हा ही रेघ नव्या नकाशावर आली नाही तर ती कायमची पुसली जाते. आमच्या सोसायटीच्या फाटकावर एकदा मूळ गावातले एक आजोबा आले होते. वॉचमननं सवयीनं रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, "कुणाकडे जायचंय?" आजोबा म्हणाले, "नदीकडं." रजिस्टरात फ्लॅट नंबरचा रकाना होता, नदीचा नव्हता. वॉचमननं मला हाक मारली. आजोबा मला म्हणाले, "ताई, पोळ्याला बैल न्यायची आमची वाट हीच. तुमची पार्किंगची जागा आहे ना, तिथून." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी त्यांना मागच्या दारानं काठावर नेलं. पाण्याजवळ उभं राहून त्यांनी मला डोह कुठं होता, उतार कुठं होता, पलीकडे चालत कुठून जाता यायचं, ते हातानं दाखवलं. नदीची ही माहिती कुठल्याच नकाशात नसते. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनाच काठावर यायला परवानगी मागावी लागावी, हे मला फार लागलं.

रहिवाशांची भीती खरी आहे

पुढं वार्षिक सर्वसाधारण सभेत मी मागचं दार ठरावीक वेळी सगळ्यांसाठी उघडं ठेवायचा विषय मांडला. विरोध झाला आणि त्यातला बराचसा बिनबुडाचा नव्हता. काठावर दारू पिऊन बाटल्या फोडणारे असतात. तळमजल्यावरच्या बाईंना बाल्कनीत कपडे वाळत घालताना अनोळखी माणसं बघत जातील याची धास्ती होती. कचरा कुणी उचलायचा? एखादं मूल पाण्यात पडलं तर जबाबदारी कुणाची? कुत्री, मोबाईलवरची मोठमोठ्यानं गाणी, रात्रीचे वाढदिवस. या प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिल्याशिवाय "नदी सगळ्यांची" असं म्हणणं ही नुसती घोषणा होते.

यातली बरीच उत्तरं चित्रात सापडतात. नकाशा आपण वरून बघतो. जमीन सुरीनं कापल्यासारखी बाजूनं बघितली की तो आडवा छेद. नदीकाठचा वाद सोडवायचा तर हा छेद काढायला हवा. पाण्याच्या कडेला आधी काही मीटर काहीही न करता सोडायचे. तिथं पाणकणीस, वाळुंज, गवत. त्याच्या वर दीड-दोन मीटर रुंदीची मातीची किंवा मुरमाची वाट. तिच्या वर झुडपांचा उतार आणि त्या उताराच्या माथ्यावर सोसायटीचं कुंपण. वाट बागेच्या पातळीपेक्षा माणूसभर खाली असली की चालणाऱ्याला बाल्कनी दिसत नाही आणि बाल्कनीतल्या माणसाला झाडांवरून नदी दिसते. कुंपण खाली दगडी आणि वर जाळीचं ठेवलं तर काठावर नजर राहते. बंद भिंतीमागं काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, म्हणून टवाळखोर नेमकी तीच जागा पकडतात. सकाळ-संध्याकाळ चालणारी माणसं, आजी-आजोबा, शाळेची मुलं असली की टवाळखोरांचा वावर तिथून आपोआप कमी होतो.

रोजच्या व्यवस्थेचे प्रश्न उरतात. कचरा आणि देखरेख ही महापालिकेची जबाबदारी, हे लेखी हवं. काठालगत ठिकठिकाणी ड्रेनेजच्या मोठ्या वाहिन्या जातात, त्यांची चेंबर्स असतात. ती साफ करायला कर्मचाऱ्यांना काठानं जायची जागा लागतेच. तीच पट्टी चालणाऱ्यांनाही उपयोगी पडते. रात्री बोळाचं फाटक बंद ठेवायला कुणाची हरकत नसावी. अंधारात काठ पक्ष्यांना आणि मुंगसांना सोडलेलाच बरा. काठावर दिव्यांचे खांब लावू नयेत, हे मला सुरक्षेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आमच्या सभेत शेवटी ठराव झाला तो सकाळी आणि संध्याकाळी काही तास दार उघडं ठेवायचा, तोही प्रायोगिक म्हणून. तळमजल्यापुढं करंजाची आणि अडुळशाची दाट ओळ लावली. विरोध करणाऱ्यांपैकी काही जण आता सकाळी त्याच वाटेनं चालतात. काही जणांचं मत बदललेलं नाही आणि ते प्रत्येक सभेत तसं सांगतात. हे असंच चालायचं. समतोल एकदा साधला आणि संपला, असं होत नाही.

चालायला वाट हवी, काँक्रीट नको

काठ लोकांना खुला करायचा म्हणजे काय करायचं, यावर पुण्यात गेली काही वर्षं मोठा वाद आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणा प्रकल्पाचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. काठ सलग आणि सर्वांना चालण्याजोगा करायचा, हा त्यातला विचार मला पटतो. ते करताना बांध घालून, भराव टाकून, जुनी झाडं काढून काठ बांधीव करायचा, हे पटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर चिपकोची आठवण करून देत झाडांसाठी रस्त्यावर उतरले. २०२५ च्या फेब्रुवारीत राम नदी आणि मुळेच्या संगमाजवळच्या काठासाठी पुन्हा उतरले. त्या गर्दीत काठावर राहणारे होते आणि काठापासून लांब राहणारेही होते. जीवितनदी या संस्थेचे स्वयंसेवक तर त्याआधीपासून विठ्ठलवाडीला आणि औंधला नदीकाठ दत्तक घेऊन साफसफाई करतात, लोकांना काठावर फिरवून आणतात. काठावर येणाऱ्या माणसालाच काठाची काळजी वाटू लागते, हे त्यांच्या कामातून दिसतं.

नैसर्गिक काठ का हवा, हे जवळून बघावं लागतं. आमच्या वाटेच्या एका वळणावर पाण्यानं कापलेला मातीचा उभा कडा आहे. त्यात मुठीएवढं भोक दिसतं. ते खंड्याचं घरटं. हा निळा पक्षी चोचीनं माती उकरून आत लांब बीळ करतो आणि त्याच्या टोकाला अंडी घालतो. त्या कड्याला काँक्रीटचं अस्तर लावलं तर खंड्याला तिथं घर उरत नाही. मातीच्या काठात पावसाचं पाणी मुरतं आणि उन्हाळ्यात झिरपत पुन्हा नदीला मिळतं. पूर आला तर मातीची वाट बुडते, पाणी ओसरल्यावर गाळ झाडून पुन्हा चालता येतं. बांधलेल्या काठाला दुरुस्तीचं टेंडर काढावं लागतं.

पुराची आठवण पुण्याला करून द्यावी लागत नाही. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर प्रत्येक जुन्या घरात सांगितला जातो. त्याहून जवळची गोष्ट २५ जुलै २०२४ ची आहे. त्या दिवशी मुठेवरच्या खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकच्या हिशोबानं आखलेली आहे. निम्म्याहून थोड्या जास्त पाण्यात घरं बुडत असतील तर पात्रात आणि काठावर काय काय भरलं गेलंय, याचा विचार करायला हवा. काठाची पट्टी मोकळी राहण्यात चालणाऱ्यांपेक्षाही जास्त हित काठावर घर असणाऱ्यांचं आहे. सोसायट्यांच्या सभांमध्ये हा मुद्दा पहिला मांडावा, असा माझा अनुभव आहे.

माझी मुलगी म्युनिकमध्ये नोकरी करते. तिच्याकडे गेले तेव्हा ईसार नदीच्या काठानं भरपूर चालले. जुन्या काळी या नदीला सरळ, बांधीव कालव्याचं रूप दिलेलं होतं. २००० ते २०११ या काळात शहरातल्या ८ किलोमीटर पट्ट्यात तिचे घट्ट काठ मोकळे केले, पात्र रुंद केलं, गोट्यांची बेटं पुन्हा तयार होऊ दिली. पूर सामावण्याची नदीची ताकद त्यामुळे वाढली आणि लोक आता थेट पाण्याच्या कडेला जाऊन बसतात. त्या राज्याच्या, म्हणजे बव्हेरियाच्या, १९४६ च्या संविधानात १४१ वं कलम आहे. डोंगर, तळी, नद्या यांच्यापर्यंत जायच्या वाटा लोकांसाठी खुल्या ठेवणं, गरज पडली तर त्यासाठी मालकी हक्कावर मर्यादा घालणं, हे सरकारचं आणि स्थानिक संस्थांचं कर्तव्य आहे, असं ते सांगतं. नुसत्या नदीची नव्हे, तर नदीपर्यंतच्या वाटेची काळजी संविधानानं घ्यावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडेही या विचाराला भक्कम आधार आहे. हिमाचलमध्ये कुलू-मनालीच्या पट्ट्यात बियास नदीकाठच्या एका हॉटेलाला वाचवण्यासाठी बुलडोझर लावून नदीचा प्रवाह वळवायचा प्रयत्न झाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की नद्या, जंगलं, समुद्रकिनारे यांच्या बाबतीत शासन हे मालकापेक्षा विश्वस्त आहे आणि जनतेसाठी असलेली ही ठेव खासगी लाभासाठी कुणाच्या हवाली करता येत नाही. हॉटेलला दिलेला जमिनीचा पट्टा रद्द झाला.

वाडा वर, घाट खाली

हे सगळं बाहेरून शिकायची गरज आहे असंही नाही. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठावर नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाडा खासगी, उंचावर, आपल्या तटाच्या आत. त्याच्या मागच्या अंगाला पायऱ्या उतरत घाटाला मिळतात आणि घाटावर देवळं. चौकांचा, माजघरांचा खासगीपणा उंचीनं आणि भिंतीनं राखलेला, आणि पाण्याकाठी मात्र गावाचा वावर. खुद्द वाईतले घाट रास्त्यांसारख्या सरदार घराण्यांनी बांधले. श्रीमंत घराणी नदीकाठी राहायला आली आणि काठ बंद करण्याऐवजी त्यांनी लोकांना पाण्यावर उतरायला पायऱ्या दिल्या. काठावर घर बांधणारा गावाचं असं देणं लागतो, ही समज तेव्हा होती.

आज ती नियमात उतरवावी लागेल आणि ते जमण्यासारखं आहे. विकास आराखड्यात काठाची वाट सलग दाखवावी आणि दर दोन-अडीचशे मीटरवर रस्त्यापासून तिथवर तीन मीटर रुंदीचा एक बोळ दाखवावा. गावनकाशातल्या तुटक रेघा आराखड्यावर आणून ठेवाव्यात. जिथं अजून बांधकाम झालेलं नाही तिथं त्या जशाच्या तशा वाचवता येतील. जिथं भिंती आधीच उभ्या आहेत तिथं सोसायट्यांशी बोलून, वेळा ठरवून, सफाईची लेखी हमी देऊन मागची दारं उघडून घ्यावीत. वाटेला डांबर नको, काँक्रीट नको, दिवे नकोत.

आणि तुमच्या भागात नदीकाठच्या भूखंडावर नवीन प्रकल्पाची पाटी लागली, तर मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा. तिच्यावर इमारती कुठं आहेत हे सगळेच बघतात. तुम्ही रस्त्यापासून नदीकडे बोट न्या आणि ते कुठं अडतं ते बघा. अडत असेल तर तिथं बोळ हवा, असा लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या. जोत्याचं काम सुरू व्हायच्या आधी नकाशावर तीन मीटर जागा मिळवणं तुलनेनं सोपं असतं. नंतर तेवढ्याच तीन मीटरसाठी शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभं राहावं लागतं.